मुंबईत रॉकेटवाल्याचा हिवाळा जुलैत येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो. डोंबिवलीत घरूनच मॉडेल रॉकेटची किट बनवता, सुट्टीच्या दिवशी मुलांच्या कार्यशाळा घेता, नोकरी अजून सोडलेली नाही. परदेशातल्या छंदवाल्यांचं वाचून धास्ती बसलीय की नोव्हेंबर ते फेब्रुवारी धंदा थंडावणार. म्हणून विचारताय, की हे चार महिने काढायचे कसे? आत्ताच माल भरून ठेवायचा का? एकजण बाहेरून रॉकेटच्या मोटारी, म्हणजे घन इंधन भरलेल्या कांड्या, आणून देतो म्हणतोय, त्या घ्यायच्या का? आणि एमआयडीसीत गाळा मिळतोय, तो धरायचा का?

मी मुलुंडला राहतो. आधी एका कारखान्यात टूलरूमला होतो, गेली नऊ वर्षं पूर्णवेळ हेच करतो. माझं उत्पन्न मुख्यतः शाळा आणि सोसायट्यांच्या कार्यशाळांतून येतं, किटची विक्री त्याच्या मागून. तुमची निम्म्याहून जास्त विक्री कुरिअरने बाहेरगावी होत असेल, तर पुढचं थोडं वेगळं पडेल. पण प्रश्नावरून तसं वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं दुखणं हिवाळा नाहीच. हा छंद जिथे वाढला त्या जागा बघा. 1954 मध्ये ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या चपलांच्या दुकानदाराने अमेरिकेतल्या नेब्रास्कात पहिलं पॅराशूटवालं छोटं रॉकेट बनवलं. पुढे व्हर्नन एस्टीस यांनी कोलोरॅडोत मोटारी यंत्रावर भरायला सुरुवात केली. दोन्हीकडे हिवाळ्यात बर्फ. तिथला माणूस डिसेंबरात घरात बसून फिन्स, म्हणजे रॉकेटच्या शेपटीचे पंख, घासतो आणि एप्रिलमध्ये मैदानावर जातो. थंडीने काळ्या दारूची कांडी आकसते, आवरणापासून सुटते आणि मग मोटार लाँचरवरच फुटते, हे ते लिहितात ते खरंच आहे. पण मुंबईच्या नोंदीतलं नीचांकी तापमान 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 चं. आपल्याला त्या सल्ल्याचा उपयोग तेवढाच.

आपल्याकडे आकाश बंद होतं ते जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत मैदानात चिखल, पुठ्ठ्याला बुरशी आणि फेव्हिकॉल तीन दिवस चिकट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सुगीचा काळ. तेव्हा प्रश्न हिवाळा कसा काढायचा हा नाही. दहा आठवड्यांत दोन हातांनी किती कापून घ्यायचं, आणि त्यातलं किती जुलैसाठी कणगीत ठेवायचं, हा आहे.

दहा आठवडे म्हणतोय ते मोजूनच. शाळांना निमित्त लागतं. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्यावरून भारतातलं पहिलं साउंडिंग रॉकेट (वरच्या हवेचा अभ्यास करणारं) उडालं, ते दिवाळीच्या सुट्टीनंतरचं पहिलं निमित्त. 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, हे शेवटचं. मध्ये चौदा आठवडे. त्यातून क्रीडा महोत्सव वजा करा, स्नेहसंमेलनाचा मांडव मैदानात उभा असतो ते दिवस वजा करा. दहावीच्या पूर्वपरीक्षा आल्या की मुख्याध्यापक म्हणतात, आवाज नको. आणि संक्रांतीचा आठवडा मी स्वतःहून सोडतो. आकाशात पतंग, झाडांवर मांजा, आणि मुलांचं लक्ष काही केल्या आपल्याकडे नसतं. उरतात ते नऊ-दहा आठवडे.

आता तुम्ही करणार ती चूक सांगतो, कारण मी ती केली आहे. पहिल्या हंगामात जो फोन येईल त्याला हो म्हणत गेलो. डिसेंबरात चार दिवसांत तीन शाळा घेतल्या: एक बोरिवलीला, एक चेंबूरला, एक ठाण्याला. तिसऱ्या दिवशी ठाण्यात पाण्याच्या रॉकेटचं बूच गळायला लागलं. पंप मारतोय, पाणी खालून झिरपतंय, दाब चढतच नाही, आणि साठ मुलं उलटी गिनती करून करून दमलेली. शेवटी एका मुलाने विचारलं, “काका, चांद्रयानाला पण एवढा वेळ लागला का?” आदल्या रात्री बुचं तपासायला अर्धा तास हवा होता, तो अर्धा तास घोडबंदर रोडवर गेला होता.

त्या हंगामानंतर मी हिशेब मांडला. आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण त्यांची घडण तीच राहील. चाळीस मुलांची एक तुकडी, मुलामागे 300 रुपये, म्हणजे 12,000. साहित्य मुलामागे 70 धरलं तर 2,800. टेम्पो 2,500. दोन मदतनीस मिळून 1,600. हातात राहिले 5,100. आणि त्यासाठी आदला दिवस सामान भरण्यात, दुसरा दिवस शाळेत. आता त्याच शाळेत त्याच दिवशी दुसरी तुकडी घेतली तर? टेम्पो तोच, मदतनीस तेच, फक्त साहित्याचे आणखी 2,800. हातात 14,300. म्हणजे एका शाळेतल्या दोन तुकड्या जवळजवळ तीन शाळांएवढ्या पडतात. एवढा हिशेब घातल्यापासून मी शाळा मोजणं सोडलं. दुसरी तुकडी द्यायला तयार नसलेल्या शाळेला दर जास्त सांगतो. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेत नाही.

दोन तुकड्या बसवायच्या तर वेळेचं गणित हवं, आणि ते वाऱ्यावर ठरतं. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, ते इथे कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. साधारण अकराच्या सुमारास फिरतो आणि दुपारी समुद्राकडून जोर धरतो. पॅराशूटने रॉकेट सेकंदाला 4 मीटरने खाली येतंय आणि वारा ताशी 15 किलोमीटर, म्हणजे तोही सेकंदाला 4 मीटरच्या आसपास, तर जेवढ्या उंचीवर पॅराशूट उघडेल तेवढंच लांब ते वाहून जातं. 50 मीटरवर उघडलं तर 50 मीटर. दादर-माहीमच्या शाळेचं मैदान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढं नसतं. माझं एक रॉकेट दुपारी एक वाजता शेजारच्या चाळीच्या पत्र्यावर पडलं. दहा मिनिटांनी एक आजी ते पदराखाली धरून गेटवर आल्या. रागावल्या नाहीत, पण पुन्हा कधी येणार आहात ते आधी सांगून ठेवा म्हणाल्या. तेव्हापासून माझी पहिली तुकडी आठला सुरू होते, दुसरी साडेनऊला, आणि अकरानंतर लाँचरला हात लावत नाही. लहान मैदानात पॅराशूटच देत नाही. क्रेप कागदाची लांब पट्टी लावतो, ती वाऱ्याला कमी धरते. मुलांना पॅराशूटच हवं असतं, तेव्हा ही गणितं फळ्यावर मांडून दाखवतो. बऱ्याचदा तोच दिवसातला सर्वात चांगला अर्धा तास ठरतो.

आणखी एक हिवाळी भानगड म्हणजे धुरकं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आकाश राखाडी-पांढरं असतं. पांढरं रॉकेट त्यात दहा मीटरवर विरघळतं, आणि न दिसणारं रॉकेट कोणाच्या डोक्यावर येतंय ते कळत नाही. फिन्स काळ्या, नोज कोन (नाकाचं टोपण) भडक नारिंगी. पांढरा रंग मी फक्त गच्चीवरच्या पोस्टरात ठेवलाय.

तुम्ही मोटारींचं विचारलंय, त्यावर मी आडपडदा न ठेवता बोलतो. घेऊ नका. घन इंधनाची मोटार म्हणजे कायद्याच्या नजरेत स्फोटक. 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे नियम लागू होतात. परवाने देणारी यंत्रणा ‘पेसो’, तिचं मुख्यालय नागपूरला. कोणीतरी बॅगेतून आणून देतो म्हणतो, त्यात परवाना कुठेच नसतो. विमानातून आणणं, कुरिअरने पाठवणं, लोकलमधून नेणं, सगळंच अडचणीचं. पुढे काही झालं तर तो माणूस फोन उचलणार नाही, पोलीस तुमचं दार वाजवतील. साखर आणि सॉल्टपीटर (सोरा) घरात शिजवण्याचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरून जा. टूलरूममध्ये अठरा वर्षं काढलेला माणूस सांगतोय: बोटं परत येत नाहीत.

शिवाय परवाना मिळाला तरी मुंबईत उडवणार कुठे? मधोमध विमानतळ, जुहूला धावपट्टी, पलीकडे आता नवी मुंबई. ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघत असतात. त्यात तुमचं धूर सोडणारं रॉकेट कोणत्या खान्यात बसतं, यावर रस्त्यात हवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी शहरात फक्त पाण्याची आणि दाबाच्या हवेची रॉकेट उडवतो. तीही शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारात आणि त्यांच्या लेखी परवानगीने. सार्वजनिक मैदानाच्या वाटेला जात नाही.

पाण्याच्या रॉकेटला कमी लेखू नका. एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. पाणी जोरात मागे फेकलं जातं म्हणून वस्तुमान, हवा दाबली जाते म्हणून ऊर्जा. न्यूटनचा तिसरा नियम मुलांच्या अंगावर शिंतडतो, तेवढा कुठल्याच मोटारीने शिंतडणार नाही. बाटली मात्र सोड्याच्या पेयाचीच, कारण ती दाबासाठीच बनलेली असते. साध्या पाण्याची बाटली कधीच नाही. शाळेत मी पंपाच्या काट्यावर 35 पीएसआय दाबाच्या वर जात नाही. मोकळ्या जागी 50 पर्यंत. मुलं पाच मीटर मागे, सुटका दोरी ओढून. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक बाटली तोंडापर्यंत पाण्याने भरायची आणि उडवण्याच्या दीडपट दाब द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फाटली तरी नुसती चिरते, स्फोट होत नाही. ओरखडा दिसला, तळ पांढुरका पडला की भंगारात. फिन्स लावायला झटपट चिकटणारा गोंद नको, त्याने प्लास्टिक ठिसूळ होतं. दुहेरी चिकटपट्टी पुरते. बुचांचा रबर जुना झाला की कडक होतो, म्हणून दर दिवाळीला सगळी बुचं नवी घेतो, जुनी बरी दिसली तरी.

हिवाळ्यात एखादा रविवार मात्र शहराबाहेर काढाच. भातकापणी झाली की कर्जत, मुरबाडकडची खाचरं मोकळी होतात. बांधापलीकडे मैलभर कोणी नसतं. मी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे वीस-बावीस जणांना नेतो, पालकांसकट. आधी जाऊन बघून येतो, कारण ओलीवर वाल पेरला असेल तर त्या खाचरात पाय ठेवायचा नाही, रॉकेट आणायलासुद्धा नाही. शेतकऱ्याला जागेचे पैसे आधी देतो, आणि दुपारची पोपटी त्यांच्याकडूनच घेतो. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी. खरं सांगू, दोन-तीन कुटुंबं रॉकेटपेक्षा मडक्यासाठीच येतात असा मला संशय आहे. माझ्या हिशेबात या सहलीत फारसं सुटत नाही. पण पुढच्या वर्षीच्या बऱ्याच शाळा या पालकांमधूनच मिळतात. कोणी शिक्षक असतं, कोणी शाळेच्या समितीवर. जानेवारीनंतर गवत वाळून कुरकुरीत होतं, तेव्हा कोणालाही शेकोटी किंवा सिगारेट पेटवू देऊ नका. वणवा लागायला रॉकेट लागत नाही.

माल आत्ता भरावा का? होय, पण विकण्यासाठी नाही, जुलैसाठी. पुठ्ठ्याची नळी हवेतला दमटपणा पिते. ऑगस्टमध्ये 85-90 टक्के दमट हवेत नीट बसलेला नोज कोन जानेवारीच्या दुपारी, दमटपणा निम्म्यावर आला की, ढिला पडतो आणि उडताना वाटेतच सुटतो. उलट जानेवारीत अगदी चपखल बसवलेला पावसाळ्यात निघत नाही, आणि पॅराशूट आतच राहतं. म्हणून मी नळ्या ऑक्टोबरच्या उन्हाने सुकल्यावरच घेतो. भिवंडीत कापडाच्या ताग्यांसाठी नळ्या वळणारे आहेत, त्यांच्याकडून. हिवाळ्यातच त्या कापतो, आतून-बाहेरून लाखेचा एक हात देतो, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात भरतो. कापणं-रंगवणं हे काम दुपारचं. सकाळी शाळा, दुपारी कात्री. बाल्साच्या हलक्या लाकडामागे लागू नका. महाग पडतं आणि मुलांच्या हातात तुटतं. फिन्स जाड कार्डशीटच्या चांगल्या होतात. लाँचरची बटणं-किल्ल्या लॅमिंग्टन रोडला, डबे-पिशव्या मशीद बंदरला. घाऊकच्या नादाने वर्षाचा साठा मात्र करू नका.

किटबद्दल एक सावधगिरी. 14 वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणं म्हणून काही विकलं, की 1 जानेवारी 2021 पासून त्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. घरच्या टेबलावर बनवलेल्या किटला तो मिळवणं म्हणजे चाचण्या, परवाना आणि खर्च. नाताळात स्टॉल लावून डबे विकायचा मोह होईल. आधी जाणकाराला विचारा, मग छपाई करा. माझं किट मी मोठ्यांना आणि कॉलेजच्या मुलांना विकतो. लहानांसाठी मी कार्यशाळा विकतो, डबा नाही.

आता पैशांचं, कारण हिवाळ्यात खरं घात करतं ते हेच. डिसेंबरात खात्यात पैसे दिसतात आणि माणूस थ्री-डी प्रिंटर घेतो. मी घेतला होता. जुलैत त्याच्यावर चादर घालून ठेवलेली, आणि विजेचं बिल बायकोच्या पगारातून. आता प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे आले की चाळीस टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातात. त्या खात्याला घरात ‘पावसाळा’ म्हणतात आणि जूनच्या आधी त्याला कोणी हात लावत नाही. शाळांकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्या, लेखी मागणीपत्रासकट. एका शाळेने माझं फेब्रुवारीचं बिल गणपतीत दिलं होतं. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. भांडायला नाही, पण बिलाच्या तळाशी ती एक ओळ छापली की लेखा विभागातला माणूस फाइल जरा वर ठेवतो.

आणि पावसाळ्यात नुसतं बसायचं नसतं. डिसेंबरचे कार्यक्रम शाळा जुलै-ऑगस्टमध्ये ठरवतात. तुम्ही आत्ता नोव्हेंबरात फोन करून ‘तारखा भरल्या’ ऐकत असाल, तर त्याचं कारण हेच. 23 ऑगस्टला, चांद्रयान-3 उतरलं त्या दिवशी, राष्ट्रीय अंतराळ दिन असतो आणि बाहेर धो-धो पाऊस. त्या दिवशी हॉलमध्ये स्ट्रॉची कागदी रॉकेट, टेबलफॅनपुढे फिन्सचे प्रयोग, आणि दोरीची चाचणी: रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधून गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर स्थिर, गिरक्या घेतल्या तर नाकात थोडी माती भरायची किंवा फिन्स मोठ्या करायच्या. मैदान लागत नाही, टेम्पो लागत नाही, पिशवी घेऊन लोकलने जाता येतं. त्याच दिवशी निघताना मुख्याध्यापकांच्या टेबलावर डिसेंबरच्या तारखांचा कागद ठेवायचा. माझे साठ टक्के हंगामी कार्यक्रम या एका आठवड्यातून येतात.

या वर्षी ती वेळ गेली, त्यामुळे तुमच्यापुरतं असं करा. नव्या शाळांच्या मागे लागू नका. गेल्या वर्षी ज्यांच्याकडे गेलात त्यांनाच दुसरी तुकडी विचारा. नाताळाच्या सुट्टीत शाळा बंद, पण सोसायट्यांत पोरं मोकळी असतात आणि आई-बाबा मेटाकुटीला आलेले असतात. डोंबिवली-कल्याणच्या मोठ्या संकुलांत सचिवांना गाठा. नोकरी आहे तोवर हंगामभरात शनिवार-रविवार मिळून सहा-सात कार्यक्रम नीट होतील. आठवा घेऊ नका.

गाळ्याचं उत्तर आत्ता देता येत नाही. हंगामात घर नळ्यांनी भरलं की प्रत्येकाला गाळा हवासा वाटतो. भाडं मात्र बारा महिने लागतं, आणि एमआयडीसीतल्या पत्र्याच्या गाळ्यात पावसाळ्यात ओल घरापेक्षा जास्त. मालकाला सांगा, जूनमध्ये येतो. पहिला जोराचा पाऊस झाला की खरंच जा, भिंतीला हात लावून बघा, आणि त्या दिवशी ‘पावसाळा’ खात्यात सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढता येतंय का ते पासबुकात पाहा.